हिमगौरीची गोष्ट सुफळ संपूर्ण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या थीम पार्कांवरचा लेख वाचला. जुन्या अंधाऱ्या, भीतिदायक राइड आता घरच्या सगळ्यांना चालाव्यात म्हणून पार गुळमुळीत करून टाकतात, अशी खंत लेखात आहे. एका राइडबद्दल तरी ती मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

ही राइड हिमगौरीची. कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हापासूनची. लहानशा गाडीत बसायचे, दार ढकलून गाडी अंधारात शिरते आणि अतिनील दिव्यांत चमकणाऱ्या रंगांची चित्रे, पुतळे दोन्ही बाजूंनी समोर येतात. सगळा खेळ दोनेक मिनिटांचा. मूळ कल्पना मोठी धाडसी होती. गाडीत बसलेला माणूस म्हणजेच हिमगौरी! त्यामुळे ती कुठेच दिसत नसे, चेटकीण विषारी सफरचंद थेट तुमच्यापुढे धरी. लोकांना हे उमगेना. बाहेर पडल्यावर ते विचारत, "पण हिमगौरी कुठे होती?" शेवटी १९८३ मध्ये तो सगळा विभाग नव्याने बांधला, तेव्हा तिची मूर्ती आत आली आणि राइडच्या नावातच 'स्केअरी', म्हणजे भीतिदायक, हा शब्द घातला गेला.

गोष्ट मात्र तरीही अर्धीच राहिली. कड्यावर चेटकीण, विजेचा कडकडाट, आणि गाडी भसकन उजेडात. सुखाचा शेवट भिंतीवरच्या एका चित्रापुरता. हिमगौरी उठली की नाही, हे आईबापांनी बाहेर आल्यावर सांगायचे.

याचे मला इतके का वाटते, ते सांगते. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत भूतबंगला येत असे. आकाशपाळण्याच्या मागे ताडपत्रीचा काळा तंबू. सात वर्षांची असताना मी आत गेले. सांगाड्याचे कपडे घातलेल्या कुणीतरी वेणी ओढली आणि पुढच्याच क्षणाला मी बाहेर उन्हात उभी. भुताचे पुढे काही झालेच नाही. ते तसेच तंबूत राहिले, आणि पुढे कित्येक रात्री माझ्या उशाशी आले. उलट आजीच्या भोपळ्यातल्या म्हातारीला वाघ खाऊ पाहतो, कोल्हा खाऊ पाहतो, तरी ती गोष्ट ऐकत मी गाढ झोपे. कारण म्हातारी घरी पोचते. श्रावणातल्या कहाण्या घ्या. त्यांत काय कमी हाल आहेत? पण "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" हे ऐकल्याशिवाय कुणी पाटावरून उठत नाही. मुलाला भीती सोसते. अर्धी टाकलेली भीती सोसत नाही.

जानेवारी २०२० मध्ये ही राइड दुरुस्तीला बंद झाली आणि साथीनंतर ३० एप्रिल २०२१ रोजी पार्क उघडले तेव्हा नव्या रूपात सुरू झाली. नावातला 'स्केअरी' गेला. दिवे एलईडीचे झाले, लेझरची प्रक्षेपणे आली, आवाज नवे झाले. पण आरशापुढची राणी गर्रकन वळून चेटकीण होते, ते आहे. सफरचंद आहे. बाहेरून वर पाहिले तर खिडकीचा पडदा सरकवून राणी अजूनही खाली बघते. भीती काढलेली नाही, तिला शेवट दिला आहे. राजपुत्र येतो, हिमगौरी जागी होते.

मुलगी तिकडे असल्याने मला नातीबरोबर ही राइड पाहता आली. उंचीची अट नाही, म्हणून साडेचार वर्षांची पोर मांडीला लागून बसली. रांगेत तिला आपली 'हिमगौरी आणि सात बुटके' पुन्हा सांगितली होती. राणी वळली तेव्हा तिने माझ्या दंडात नखे रुतवली. आणि शेवटी ओरडली, "आजी, उठली ती!"

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कात १९७१ पासून याच गोष्टीची दुसरी राइड होती. ती आणखी भयंकर म्हणून प्रसिद्ध होती. १९९४ मध्ये तिला सौम्य केले आणि २०१२ मध्ये कायमची बंद केली. त्या जागी राजकन्यांना भेटण्याचे दालन झाले. जुन्यातले काही बुटके जवळच्याच नव्या रोलर कोस्टरवरच्या झोपडीत नाचत असतात, एवढीच काय ती आठवण. लेखकाची हळहळ तिथे लागू पडते, आणि तिथे मीही त्यांच्याबरोबर आहे.

अनाहाइमच्या नव्या शेवटावर २०२१ मध्येच वाद झाला. झोपलेल्या मुलीला विचारल्यावाचून चुंबन, हे लहान मुलांना दाखवावे का, असा प्रश्न विचारला गेला. अनेकांनी तो हसण्यावारी नेला. मला तो प्रश्न रास्त वाटतो. माझी नात हे सगळे डोळे विस्फारून पाहते आणि मनात ठेवते. पण त्यासाठी शेवटच काढून टाकायला नको होता. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत चुंबन नाहीच. काचेची शवपेटी वाहून नेणारे नोकर अडखळतात, पेटीला हिसका बसतो आणि हिमगौरीच्या घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. मी नातीला हीच गोष्ट सांगते. रुळावरून वळणे घेत जाणाऱ्या गाडीत हे किती सोपे होते! गाडीलाच एक हिसका द्यायचा, अंधारात तुकडा पडल्याचा टप्प असा आवाज करायचा, आणि समोर हिमगौरीने डोळे उघडायचे. पुढची दुरुस्ती कधी निघाली, तर करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आपली,
एक आजी, सांगली