मिहान की बुटीबोरी: बाबूला पत्र

नागपूर

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, इलेक्ट्रिशियन म्हणून विमानतळाजवळच्या मिहानमधल्या हॉस्पिटलच्या कामावर कॉन्ट्रॅक्टरकडे लागू की बुटीबोरीच्या एमआयडीसीत कंपनीत मेंटेनन्सला जाऊ. मी नुसतं 'बघू' म्हणालो. कूलरच्या घरघरीत एवढं सगळं बोलणं होत नाही, आणि तुझी आई शेजारी उभी राहून 'पहिले त्याला घरी येऊ द्या, मग नोकरीचं पाहा' म्हणत होती. म्हणून लिहून राहिलो.

माझं मत बुटीबोरी. कॉन्ट्रॅक्टर महिन्याला पैसे जास्त देतो, हे धरूनही बुटीबोरी. मात्र एक अट आहे, ती शेवटी लिहितो.

तुझे मामा मिहानच्या बाजूने आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तिकडे इमारती उभ्या राहत आहेत, काम भरपूर आहे, पुढे स्वतःचं लायसन काढून ठेकेदारी करायची तर ओळखी तिथेच होतील. बिल्डिंगचं काम हलकं असतं असंही मी कधी म्हणणार नाही. स्लॅबमध्ये पाइप टाकण्यापासून केबल ट्रे, रायझर (मजल्यामजल्यांतून वर जाणारी मुख्य केबल), प्रत्येक मजल्याचे डीबी (वीज वाटणारे बोर्ड), एएचयू (एसीची हवा खेळवणारं यंत्र), लिफ्ट, फायर पॅनल, डीजी (डिझेल जनरेटर), यूपीएस, सगळं ड्रॉइंग वाचून करावं लागतं. हॉस्पिटल असेल तर आणखी शिकायला मिळतं. ऑपरेशन थिएटरमधल्या यंत्रांचा सप्लाय वेगळ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून देतात. पहिला अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे वायर अर्थला टेकली, तर तिथे अलार्म वाजतो, पण ब्रेकर पडत नाही, पेशंट टेबलावर असताना यंत्र चालू राहतं. ही रचना एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे.

पण हँडओव्हर झाला की तू पुढच्या साइटवर. तू कसलेला लग (केबलच्या टोकाचा जोड) चार-पाच उन्हाळे खाऊन ढिला झाला की तसाच राहिला, हे तुला कधी कळत नाही. चूक कुणाची होती आणि ती कशी वर आली, हे पाहायला तू तिथे नसतोस. कंपनीत तेच पॅनल, त्याच मोटरी, तोच तू. वर्षानुवर्षं एकाच पॅनलचं तोंड पाहिलं की त्याची खोड कळते.

एक प्रकार सांगतो. हिंगण्याच्या एमआयडीसीतली गोष्ट आहे, कंपनीचं नाव कशाला. १५ एचपीची अॅजिटेटरची (माल ढवळणाऱ्या यंत्राची) मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे वाइंडिंग आधी स्टारमध्ये आणि मग डेल्टात जोडून मोटर सुरू करणारा. मे महिना. रोज दुपारी दोनच्या सुमारास ओव्हरलोडवर ट्रिप. रात्रपाळीत मात्र तीच मोटर त्याच मालावर गुमान चालायची. ओव्हरलोडचा रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) बदलून झाला, बेअरिंग बघून झाले, मेगर (वाइंडिंगच्या इन्सुलेशनचं माप) चांगलं आलं. मग प्रॉडक्शनवाल्यांनी नेहमीचा उपाय सुचवला: सेटिंग वाढवा. नेमप्लेटवर फुल लोड करंट २१ अँपिअर आणि रिले १२ वर, म्हणजे रिले चुकीचाच लावला आहे, असं त्यांचं म्हणणं.

आता हे नीट लक्षात ठेव, कारण यात शिकलेली माणसंही फसतात. स्टार-डेल्टात रिले डेल्टाच्या आत बसवलेला असेल तर त्याच्यातून लाइन करंट (पुरवठ्याच्या वायरीतला) जात नाही, फेज करंट (एका वाइंडिंगमधला) जातो, म्हणजे ०.५८ पट. २१ चे झाले साधारण १२. तो रिले बरोबरच होता. तो २१ वर नेला असता तर ट्रिप होणं थांबलं असतं आणि काही दिवसांनी मोटर वाइंडिंगवाल्याकडे गेली असती.

मी दुपारी टाँग टेस्टर (वायरीभोवती पकडून करंट मोजतात तो) घेऊन उभा राहिलो. दोन फेजमध्ये १८-१९ अँपिअर आणि तिसऱ्यात २४. व्होल्टेज घेतलं तर एका जोडीत ४१४ आणि दुसऱ्या दोन जोड्यांत ४०० च्या आसपास. व्होल्टेजमधला फरक दोन-सव्वादोन टक्क्यांचा दिसतो, माणूस म्हणतो चालतं एवढं. पण व्होल्टेजमध्ये जेवढे टक्के फरक, त्याच्या कितीतरी पट फरक मोटरच्या करंटमध्ये उतरतो. सहा ते दहा पटही धरायला हरकत नाही. रात्री हेच रीडिंग घेतलं तर तिन्ही फेज जवळजवळ सारख्या. म्हणजे मोटरमध्ये काही नव्हतंच. दिवसा काहीतरी एक फेज ओढत होतं.

शोधत शोधत गेलो तर ऑफिस. नवीन केबिन झाल्या होत्या, त्यांचे स्प्लिट एसी त्याच फीडरवर (पुरवठ्याच्या लाइनवर) होते आणि ज्याने वायरिंग केलं त्याने सगळेच्या सगळे आर फेजवर घेतले होते. डीबीत तिन्ही फेज आलेल्या, पण हाताला जवळचा बसबार (ज्या पट्टीवरून वीज घेतात ती) सोपा पडला असेल. दुपारी दोनला ऊन चढलं की सगळे कॉम्प्रेसर एकदम. एसी तीन फेजमध्ये वाटून दिले, ट्रिप गेली. मोटरला हातही लावला नाही. त्या सगळ्या भानगडीत खरं बोलणारा तो रिलेच तेवढा होता आणि सगळे त्यालाच दाबायला निघाले होते.

ज्याने ते एसी जोडले त्याचं काम बिलासकट पास झालं होतं, दिसायलाही सुबक होतं. त्याला आजतागायत माहीत नसेल. तुला मी तिकडे का पाठवत नाही, ते यात आलं. आधी फॉल्ट शोधायला शीक, मग खुशाल बिल्डिंगी कर. तेव्हा तू डीबी बांधशील तो लोड वाटून बांधशील, न्यूट्रल बारीक घेणार नाहीस. हल्ली एलईडी आणि कॉम्प्युटरच्या लोडमुळे फेज बॅलन्स असूनही न्यूट्रल तापतो, हे पुस्तकात वाचशीलच. एखादा काळा पडलेला न्यूट्रल लिंक हातात धरून पाहिलास की विसरणार नाहीस.

तुमच्या बॅचच्या पोट्ट्यांना पीएलसीची (मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) घाई असते. शीक, माझी ना नाही. पण प्रोग्राममध्ये बोट घालण्याआधी प्रॉक्सिमिटी सेन्सर पुसून बघ, २४ व्होल्ट येतात का ते बघ, लिमिट स्विचची वायर कुठे घासली ते बघ. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

आता जे फोनवर मला बोलायचं होतं ते.

कंपनीत मशीन बंद पडलं की तुझ्यामागे माणसं येऊन उभी राहतात. सुपरवायझर, शिफ्ट इनचार्ज, कधी मॅनेजर. कुणी शिव्या देत नाही, सगळे गोडच बोलतात. 'अरे बाबू, दोन मिनिटांचं काम आहे, काहून पूर्ण फीडर बंद करून राहिला?' हे वाक्य तुला पहिल्या महिन्यातच ऐकू येईल. ४१५ व्होल्टच्या पॅनलमध्ये चालू बसबारच्या शेजारी पाना घालायला सांगणारा माणूस वाईट नसतो, त्याच्यावर टार्गेट असतं. पण पाना निसटला तर जो जाळ होतो त्यात तो नसतो, तू असतोस. शॉक लागलेला माणूस वाचलेला मी पाहिला आहे. फ्लॅशमध्ये चेहरा गेलेलाही पाहिला आहे, त्याचं वर्णन लिहीत नाही.

म्हणून ब्रेकर पाडलास की कुलूप तुझं आणि किल्ली तुझ्या खिशात. सहकाऱ्याच्या नाही, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नाही. बोर्ड लावला म्हणून भागत नाही, बोर्ड वाचतो कोण? मग मीटर घे. निऑनच्या टेस्टरवर जीव ठेवू नको. तो पेटला तर करंट आहे हे खरं, पण पेटला नाही म्हणजे करंट नाही असं नसतं. मीटर आधी चालू पॉइंटवर लावून बघ, मग कामाच्या जागी तिन्ही फेज एकमेकांत, न्यूट्रलशी आणि अर्थशी, आणि नंतर पुन्हा चालू पॉइंटवर. मधल्या वेळात मीटरचीच लीड तुटली तर तो शून्य दाखवतो, म्हणून शेवटची तपासणी.

मेन पाडूनही पॅनल जिवंत असू शकतो. कंट्रोल सप्लाय दुसऱ्या पॅनलमधून आलेला असतो, डीजी मागून येतो, यूपीएस असतो. एपीएफसीचे (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या पॅनलचे) कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले राहतात. काही मिनिटं थांब, मोजून बघ आणि मगच हात लाव. आता छतावर सोलर आले आहेत, आमच्या उमेदवारीच्या काळात हे नव्हतं. इन्व्हर्टर बंद केला तरी सोलर पॅनलकडून येणाऱ्या डीसी वायरींमध्ये ऊन असेपर्यंत व्होल्टेज असतंच. सूर्याला आयसोलेटर (बंद करायचा स्विच) नाही.

आणि नागपूर म्हटलं की उन्हाळा आलाच. केबलच्या तक्त्यात हवेचं तापमान ४० अंश धरलेलं असतं, आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या शेडखाली आणखी वर. तेव्हा तक्ता बघून काठोकाठ साइज घेऊ नको. पॅनलचं दार उघडं टाकून समोर पेडेस्टल फॅन लावलेला तुला प्रत्येक कंपनीत दिसेल. त्याने धूळ आत जाते आणि उघड्या बसबारसमोरून माणसं ये-जा करतात. एक्झॉस्ट साफ करून घे, लग कसून घे. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थ पिटच्या भोवती पोकळी होते आणि रेझिस्टन्स चढतो. पिटमध्ये पाणी टाकायचं काम माळ्याचं की इलेक्ट्रिशियनचं यावर मी भांडणं ऐकली आहेत. तू बादली घे आणि टाक. अर्थ टेस्टरचं रीडिंग मात्र उन्हाळ्यातलंही घे. पावसाळ्यात तर कुणाचंही रीडिंग चांगलं येतं.

घरी आलास की नातेवाइकांचे कूलर सुरू होतील, ते सांगून ठेवतो. पत्र्याची बॉडी, ओली फरशी, दोन पिनचा प्लग आणि पंपाची सोललेली वायर, दर उन्हाळ्यात विदर्भात यात माणसं जातात. फुकट दुरुस्ती कर, चहा पी, पण तीन पिन आणि अर्थ जोडल्याशिवाय आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा) बसवायला सांगितल्याशिवाय निघू नको. काका रागावले तरी चालेल.

कागदाचं थोडक्यात. आयटीआयचं आणि अॅप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र हातात आलं की वायरमनच्या परवान्याचा अर्ज टाक, पुढे सुपरवायझरचं. आम्ही १९५६ च्या नियमांवर शिकलो. ते गेले, २०१० चे आले आणि आता केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे आहेत. वाच ते, कंटाळवाणे आहेत तरी वाच. कंपनीत विजेचं काम कुणी करायचं त्याची लेखी नेमणूक असते. त्या यादीत नाव आल्याशिवाय एचटी (हाय टेन्शन) यार्डात पाऊल टाकू नको, कुणी कितीही 'चल रे' म्हटलं तरी.

आता अट. सोमवारी बुटीबोरीवाल्यांना फोन कर. पगार, बस, कँटीन हे विचारशीलच. त्याखेरीज दोन गोष्टी विचार: एका शिफ्टला किती इलेक्ट्रिशियन असतात, आणि शटडाऊन, म्हणजे कामासाठी सप्लाय बंद ठेवायची परवानगी, कोण देतो. रात्रपाळीत तू एकटा असशील किंवा 'आमच्याकडे शटडाऊन सहसा लागत नाही' असं हसून उत्तर आलं, तर मामांचं ऐक आणि मिहानला जा. तिथे निदान सप्लाय सुरू होण्याआधी बरंच काम उरकतं. जोडीला एखादा सीनियर आहे आणि कामाचं परमिट लिहून मिळतं असं म्हणाले, तर कमी पैशात हो म्हण. फरक घरातून भागवू, आईशी बोललो आहे.

काय म्हणाले ते सोमवारी रात्री कळव. येताना माझा जुना क्रिंपिंग टूल मामांकडून घेऊन ये, गेल्या दिवाळीपासून त्यांच्याकडेच आहे.

तुझे,
बाबा