टेन्शन घेऊ नको म्हणालो, ते चुकलंच माझं

सोन्या,

मेसेज लांब होणार हाय, अभ्यास झाल्यावर वाच. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, अन् तू पण नुसतं "हां पप्पा, बरं पप्पा" करून ठेवून दिला असतास.

रविवारी तू म्हणालास मेडिकलच्या मॉक टेस्टमध्ये हात थरथरायले, छातीत धडधड, येतं ते पण आठवेना. आणि मी काय म्हणालो, तर टेन्शन घेऊ नको, हळदीचं दूध पी आणि झोप. फोन ठेवून म्हशीला वैरण टाकायला गेलो तर पेंढी हातातच राहिली. हेच तर लोक आण्णांना, तुझ्या आजोबांना, म्हणायचे की.

तुला आण्णांचं अर्धंच माहीत हाय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले, मी सहावीत होतो. भूकंप झाला, किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. आपल्या गल्लीत माळवदं बसली पण घरातली माणसं वाचली, मग वाचलो ना, चला, म्हणून सगळे कामाला लागले. आण्णा पण लागले, शेत केलं, बाजार केला, फक्त छताखाली झोपायचं नाव नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडात, बाकी लिंबाखाली. उशाला तांब्या उपडा आणि त्याच्यावर वाटी, जमीन हलली की वाटी पडून जाग यावी म्हणून. मांजर गेलं तरी वाटी पडायची आणि आण्णा आम्हाला हाताला धरून फरफटत बाहेर काढायचे. गाव भित्रा म्हणायचं. आम्ही पोरं पण हसायचो, खोटं कशाला सांगू.

बारा वर्षांनी मी त्यांना शुगर दाखवायला लातूरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी सहज विचारलं, झोप लागते का. लागते की, पावणेचारला उघडते. रोज? रोज. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाले, "किल्लारीकडचे का तुम्ही?" बस, एवढ्यावर तो माणूस लेकरासारखा रडायला लागला आणि मी आपला फाईल हातात धरून भिंतीकडं बघत उभा.

पीटीएसडी हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. संकट होऊन गेलेलं असतं पण शरीर राखणीवरून उतरतच नाही. गोळ्या सुरू झाल्या, तीन आठवडे काही फरक नाही, मी तर म्हणालो पैसे पाण्यात. डॉक्टर म्हणाले ह्या गोळ्यांना वेळ लागतो, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. त्या दिवाळीला आण्णा ओसरीत येऊन झोपले. वाटी मात्र शेवटपर्यंत होती, तू लहानपणी ती वाजवत बसायचास.

तुझं तसंच हाय असं म्हणत नाही मी, घाबरू नको. पण यंत्र तेच हाय रे. धोका वाटला की अंगात ॲड्रेनालिन सुटतं, काळीज जोरात पळतं, बोटं गार पडतात, पोटात ढवळतं. बांधावर साप निघाला तर हेच आपल्याला वाचवतं, पण शरीराला १८० प्रश्नांचा पेपर आणि साप ह्यातला फरक कळत नाही. म्हणून हात थरथरले, तू कच्चा हायस म्हणून नाही. तेव्हा पेन ठेव, श्वास घेताना चारपर्यंत मोज आणि सोडताना सहा-सातपर्यंत, दोन-तीन मिनिटं. बाजूच्याला कळत पण नाही.

आता दुसरं. आपल्या घरात सगळ्याला एकच शब्द, टेन्शन. दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं ना, २०१६ ला, तू तिसरीत होतास, तेव्हा मी जेवताना ताट भिरकावलं होतं. भाजीत मीठ जास्त म्हणून. मीठ बरोबर होतं. बोअर आटलेला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, मला लाज वाटायली होती आणि भीती पण, ती बाहेर निघाली राग होऊन. आईला तेव्हा नुसतं "मला भ्या वाटायलंय" म्हणालो असतो तर ताट तरी वाचलं असतं. अजून पोचा हाय त्याला.

आपल्या आज्यांकडं बघ किती शब्द होते, करमत नाही, जीव घाबरा होतोय, काळजात धस्स झालं, मन लागत नाही, कोंडल्यासारखं होतंय. प्रत्येकाचं औषध वेगळं. करमत नसेल तर घरी ये, कोंडल्यासारखं होत असेल तर खोली बदलू, फिजिक्सची भीती असेल तर सरांना भेटू. नुसतं टेन्शन म्हणालास तर मी दूधच प्यायला सांगणार, मला दुसरं काय सुचणार.

आणि दोन आठवडे झाले तरी झोप, जेवण ठिकाणावर नसेल, कशातच मन लागत नसेल, तर आपण डॉक्टरांकडं जाऊ, सायकिॲट्रिस्टकडं, सरळ. लोक वेड्याचा डॉक्टर म्हणतील, म्हणू दे, ह्याच लोकांनी आण्णांना बारा वर्षं लिंबाखाली झोपवलं. जगू नये असं एकदा जरी मनात आलं तर दोन आठवडे बिठवडे काही नाही, त्याच मिनिटाला मला उठव, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. मला सांगायला जड गेलं तर १४४१६ लाव, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, सरकारी हाय, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. २०२२ पासून सुरू हाय, मला मागच्या महिन्यात कळलं, दवाखान्याच्या भिंतीवर वाचून. नंबर आत्ताच सेव्ह कर, रूममेटला पण दे.

मेडिकल लागलं तर आनंदच हाय, नाही लागलं तर बघू, हे मी तोंडानं म्हणतो आणि शेजारच्या पोराचे मार्क पण सांगतो, ते मला कळलंय. बंद करतो.

ह्या रविवारी पहिल्या एसटीनं येतोय. आई धपाटे देणार हाय, दही तिकडंच घेऊ. टेस्टचं मी विचारणार नाही. आणि ती निळी चादर धुवायला काढून ठेव, मागच्या वेळी राहिली म्हणून मला बोलणी बसली.

पप्पा