जर्नलमधली सुबक चित्रे आणि न मोजलेल्या पेशी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सप्टेंबर उजाडला की कासच्या रस्त्याला महाविद्यालयांच्या बस लागतात. फुलांचे फोटो निघतात, दोन तासांत बस यवतेश्वरचा घाट उतरते आणि बी.एस्सी.च्या जर्नलमध्ये ‘परिसंस्थेचा अभ्यास’ या मथळ्याखाली चार पाने चिकटतात. त्या चार पानांत बहुतेक वेळा एकही आकडा नसतो. सहलीला आमचा विरोध नाही. पण मोजणे हा जीवशास्त्राचा कणा आहे आणि तोच प्रात्यक्षिकांतून निघून चालला आहे. त्याची सुरुवात पठारावर होत नाही, पेशीविभाजन पाहण्यासाठी पहिल्या वर्षी दिल्या जाणाऱ्या कांद्याच्या मुळांपासून होते.

कांद्याच्या वाळलेल्या मुळ्या खरवडून बूड पाण्याला जेमतेम टेकवले की दोन-तीन दिवसांत पांढरी मुळे फुटतात. ती सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान कापून लगेच तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात चोवीस तास ठेवायची, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. प्रात्यक्षिकाच्या दिवशी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंशांवर पाच ते दहा मिनिटे, पाण्याने धुणे, शेवटचे दोन मिलिमीटर टोक तेवढे ठेवून बाकीचे मूळ टाकून देणे, रंगासाठी ॲसिटोकार्मिन, आणि ४५ टक्के ॲसिटिक ॲसिडच्या थेंबात कव्हरस्लिपवरून टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ दाब. अंगठा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात.

बिघडते ते असे. ॲसिडमध्ये कमी वेळ ठेवले तर पेशी सुट्या होत नाहीत, थरावर थर दिसतात. जास्त ठेवले तर टोकाचा लगदा होतो आणि रंगही धड चढत नाही. टोक लांब कापले तर लांबट, वाढ पुरी झालेल्या पेशीच दिसतात आणि विद्यार्थी म्हणतो, ‘सर, डिव्हिजनच नाही.’ साठवणीत कोंब येऊ नयेत म्हणून प्रक्रिया केलेला कांदा आणला तर मुळेच फुटत नाहीत, म्हणून दोन वेगवेगळ्या ठिकाणचे कांदे ठेवावेत. आणि वेळापत्रकात प्रात्यक्षिक दुपारी दोनला आहे म्हणून मुळे दुपारी कापू नयेत. आदल्या दिवशी सकाळी कापून ठेवण्याचे काम लॅब असिस्टंटच्या कामात लिहूनच द्यावे.

एवढे झाल्यावर खरे प्रात्यक्षिक सुरू होते. वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या पाचशे पेशी मोजायच्या. त्यांतल्या चाळीस विभाजनात असल्या तर मायटोटिक इंडेक्स, म्हणजे विभाजनातल्या पेशींचे प्रमाण, ८ टक्के. चाळीसपैकी बहुतेक प्रोफेज या विभाजनाच्या पहिल्या अवस्थेत सापडतील, पुढच्या अवस्थांपैकी मेटाफेज थोड्या, ॲनाफेज अगदी मोजक्या. कारण जी अवस्था जास्त वेळ टिकते तीच स्लाइडवर जास्त दिसते. अवस्थांचा कालावधी न पाहता ताडता येतो तो या आकड्यांवरून. ज्या जर्नलमध्ये चारही अवस्थांना दहा-दहा पेशी लिहिलेल्या असतात, ते जर्नल मोजणी न करता भरलेले असते. अशा जर्नलवर सही होते, हे आम्हाला फार लागते.

पाण्याचेही तेच. विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत १८८८ पासूनची आहे आणि संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी किंवा सांगलीत आयर्विन पुलाखाली ती सहज करता येते. ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली (या चाचणीची घट्ट बुचाची काचेची बाटली) पाण्याखालीच भरून बुडबुडा न राहता बूच लावायचे. मगमध्ये पाणी घेऊन बाटलीत ओतले की हवा मिसळते आणि पुढची सगळी मेहनत वाया. काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड-अझाइड प्रत्येकी दोन मिलिलिटर, पिपेटचे टोक पाण्यात बुडवून. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर जवळपास नाही. हे काठावर न करता नुसती बाटली महाविद्यालयात आणली तर वाटेत सूक्ष्मजीव श्वसन करत राहतात आणि आकडा खाली येतो. प्रयोगशाळेत दोन मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड, तेही तोंडाने पिपेट न ओढता. मग २०० मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे ते ब्युरेटमधून थेंबाथेंबाने घालत रंग जाईपर्यंत किती लागले हे मोजणे. जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. स्टार्च रंग फिका पिवळा झाल्यावरच घालावा. निळा रंग नाहीसा झाला ते वाचन धरावे, नंतर परत आला तर दुर्लक्ष करावे.

वाचनाशेजारी वेळ आणि तापमान लिहिले नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. २५ अंशांना समुद्रसपाटीवर, हवेशी समतोल असलेल्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, साताऱ्याच्या उंचीवर त्याहून कमी. दुपारच्या वाचनात आकडा १२ मिलिग्रॅम आला तर पाण्यात शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण जोरात आहे. त्याच जागी पहाटे पुन्हा मोजावे लागेल. पेशीतल्या हरितलवकांचा नदीशी संबंध विद्यार्थ्याला इथे स्वतःच्या ब्युरेटवर दिसतो.

क्वाड्रॅटसाठी, म्हणजे चौकट टाकून तिच्यातल्या वनस्पती मोजण्यासाठी, कासला जायची गरजच नाही. किंबहुना तिथे पहिल्यांदा चौकट टाकणाऱ्या मुलांना नेऊच नये. जांभ्यावरचा मातीचा थर पातळ आहे, शंभर पाय पडले की गेंद आणि सीतेची आसवे ही फुले चिखलात जातात, आणि २०१२ पासून ते पठार जागतिक वारशात आहे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचे गवत किंवा महाविद्यालयाच्या मैदानाची कड पुरते. एक मीटर बाजूची चौकट, जागा यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून. चौकट भिरकावली की हात आपोआप फुलांकडे वळतो. गवताचा ठोंब एक धरायचा की त्यातला प्रत्येक फुटवा, हे आधी ठरवून लिहावे, नाहीतर दोन गटांचे आकडे जुळत नाहीत. दहा चौकटींपैकी चारांत तेरडा आला, एकूण साठ रोपे: वारंवारिता (किती चौकटींत सापडला) ४० टक्के, घनता ६, विपुलता १५. शेवटच्या दोन आकड्यांत विद्यार्थी नेहमी गोंधळतात. घनतेसाठी एकूण रोपांना सर्व चौकटींनी भागायचे, विपुलतेसाठी फक्त तेरडा सापडलेल्या चौकटींनी. ६ आणि १५ मधले अंतर सांगते की तेरडा पुंजक्यांनी वाढतो आहे. हे कळलेला विद्यार्थी कासला गेला तर एक पान न तोडता, वाटेवर उभे राहून, कीटकभक्षी वनस्पती याच नायट्रोजन कमी असलेल्या मातीत का, हा प्रश्न विचारील.

अभ्यास मंडळांना आमची विनंती एवढीच की जर्नलच्या गुणांपैकी निम्मे गुण कच्च्या नोंदवहीला द्यावेत: पेन्सिलीच्या रेघांची मोजणी, वेळ, तापमान, फसलेल्या स्लाइडची नोंद आणि ती का फसली याचे कारण. वार्षिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी आधीच तयार असलेली पक्की स्लाइड ओळखायला लावण्याऐवजी विद्यार्थ्याने स्वतः केलेली स्लाइड समोर ठेवून शंभर पेशी मोजायला सांगाव्यात. त्याला वीस मिनिटे लागतात.

आपले,
जीवशास्त्र शिकवणारे काही प्राध्यापक,
सातारा