शाळा उघडल्या, काळजी करू नका

कोपनहेगन, २ मे २०२०

प्रिय आई, बाबा,

आई, परवा फोनवर तू तिसऱ्यांदा म्हणालीस, ‘अगं कोरोनाने सगळं जग बंद आणि तू पोराला शाळेत कशी धाडतेस’ आणि मी चिडले, सॉरी. म्हणून नीट लिहितेय, बाबांना वाचून दाखव.

इथे १६ मार्चला शाळा बंद झाल्या आणि १५ एप्रिलपासून उघडायला लागल्या, त्याही फक्त पाळणाघरं आणि पाचवीपर्यंतचे वर्ग, मोठी पोरं अजून घरीच. उलटंच वाटतं ना? पण दुसरीतल्या पोराला लॅपटॉपसमोर बसवून बघ एकदा! शिवाय ही पिल्लं घरी असली की आईबापाचं काम होत नाही. आमच्या शाळेला तयारीला वेळ लागला, २० तारखेला उघडली. बाकांमध्ये दोन मीटर अंतर, आम्ही गेटबाहेरच थांबायचं, दर दोन तासांनी हात धुवायचे. मास्क कुणीच लावत नाही हे खरंय, पण सरकारनेच सांगितलं नाहीये, मी एकटीने लावून पाठवलं तर पोरं त्यालाच बघत बसतील. सगळे पालक खूश आहेत असंही नाही, आमचं पोर प्रयोगाचा उंदीर नाही म्हणून फेसबुकवर ग्रुप निघालाय, हजारो लोक आहेत. मीपण दोन रात्री वाचत बसले, मग बंद केलं. पिंट्याचे हात साबणाने खरखरीत झालेत, रात्री तू दिलेलं खोबरेल चोळते.

आता छोटीचा तो बाहेर गाडीत झोपलेला फोटो, जो बघून तू घाबरलीस. तिला कुणी बाहेर टाकून दिलं नव्हतं गं! इथे बाळांना दुपारी बाहेरच झोपवतात, सगळ्यांनाच, थंडीतसुद्धा. मोठी बाबागाडी असते, खाली जाड गादी, वर दुलई, कानटोपी, पट्टा बांधलेला, पाळणाघराच्या अंगणात शेडखाली ओळीने गाड्या, आणि बाई येऊन बघून जातात. कॅफेबाहेरही गाडीत बाळ झोपलेलं आणि आई आत कॉफी पीत बसलेली, कुणी वळून बघत नाही. मलाही आधी धडकी भरली होती. पण घरी अर्धा तास झोपणारी आपली बया तिथे दोन तास झोपते, आणि आता तर मोकळी हवा बरीच म्हणतात.

बाकी, सोन्याच्या लग्नाचा हॉलवाला अ‍ॅडव्हान्स परत देत नसेल तर बाबांनी त्याच्याशी वाद घालू नये, बीपी वाढेल, तेवढे मी पाठवते. तारीख दिवाळीनंतरची बघा, म्हणजे आम्हाला येता येईल. विमानं सुरू झाली तर. मागच्या वेळी बोलले नाही, ह्यांना कंपनीने एप्रिलपासून घरी बसवलंय. घाबरू नका, पगार पूर्ण येतो, ७५ टक्के सरकार भरतं आणि उरलेला कंपनी. सोन्याला आत्ताच सांगू नका.

आई, इकडे यायला भरलेली तुझी बॅग अजून तशीच आहे म्हणे. तिकिटाचे पैसे येतील तेव्हा येतील, त्यातलं मेतकूट आणि शेवया तेवढ्या काढून खा, कीड लागेल.

तुमची,
ताई