पिसाकच्या डोंगरावरून आई-अण्णांना

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. जंगलातून पुन्हा डोंगरावर आले, सध्या पेरूमधल्या पिसाक गावात मुक्काम आहे. जवळचं कुस्को शहर ३,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. सुरुवातीला जिना चढतानाही दम लागायचा. इथली माणसं कोकाच्या पानांचा काढा देतात आणि सावकाश चाल म्हणतात. आता अंगवळणी पडलंय.

अण्णा, सातगाव पठारावर आता लावणीची घाई असेल, पंजाबचं बेणं येऊन पडलं असेल. इथे ऋतू उलटे, त्यामुळे जूनमध्ये काढणी चालू आहे. पिसाकच्या वरच्या अंगाला क्वेचुआ, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांपैकी, शेतकऱ्यांच्या काही गावांनी बटाट्याच्या जुन्या जाती राखायच्या म्हणून आपल्या जमिनी एकत्र सांभाळायचं ठरवलं. 'पार्के दे ला पापा', म्हणजे बटाट्याचं उद्यान, म्हणतात त्याला. हजाराहून जास्त जाती आहेत तिथे. एका कुटुंबाबरोबर काढणीला गेले होते. एकाच वावरातून जांभळे, लालभडक, काळपट, आतून पिवळेधमक असे बटाटे निघत होते. एक जात इतकी वेडीवाकडी की सासू नव्या सुनेला तीच सोलायला द्यायची म्हणे! उतार इतका की ट्रॅक्टर चढत नाही, जमीन पायाने दाबायच्या नांगराने फोडतात. काढणीला शेजारपाजारची माणसं आलेली, आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. मजुरी कुणी घेत नाही, आपल्याकडच्या सावडीची रीत. दुपारी ढेकळांची भट्टी रचून तापवली, बटाटे आत टाकून वरून ती पाडली आणि तिथेच बांधावर बसून सगळे जेवलो.

इतक्या जाती एकत्र कशाला, असं मी विचारलं. घरातले आजोबा म्हणाले, एक थंडीला टिकते, एक कमी पावसात येते, एक रोगाला दाद देत नाही. वर्ष कसंही जावो, पोरांच्या ताटात काहीतरी पडतं. मला आपलं ते साल आठवलं, करप्याने आठवड्यात सगळं रान काळं केलं होतं आणि तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता. करपा इथेही आहे. हवा उबदार होत चालली तसा तो वर सरकतो, म्हणून ही माणसं लावणीही वर वर नेतात. पण डोंगर कुठेतरी संपतोच, ही त्यांची खरी काळजी. लिमाला १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे. इथल्या हरवलेल्या शेकडो जाती त्यांनी जपून ठेवल्या होत्या, २००४ मध्ये करार करून त्या रोगमुक्त करून या गावांना परत देऊ लागले. संशोधकांनी शेतकऱ्याचं बेणं शेतकऱ्याला परत द्यावं, याचं मला फार मोल वाटतं.

आणि चुन्यो, म्हणजे इथला गोठवून वाळवलेला बटाटा! कडाक्याच्या रात्री बारीक बटाटे गवतावर पसरून गोठू देतात, दिवसा पायाने तुडवून पाणी काढतात, मग उन्हात खडखडीत वाळवतात. वर्षानुवर्षं टिकतो. शीतगृहाचं भाडं नाही, भाव पडला म्हणून माल रस्त्यावर ओतायची पाळी नाही.

आई, जंगलाचं ऐकून तू घाबरली होतीस ना? पिवळ्या तापाची लस घेऊनच गेले होते. पाउकारताम्बोच्या बाजूने गाडी मानूच्या रानाकडे उतरते. सकाळी अंगावर स्वेटर, मग ढगांत बुडालेली शेवाळलेली झाडं, आणि संध्याकाळी नुसता घाम. खाली नदीकाठच्या वस्तीत घरामागे युकाची झाडं होती. त्याच कंदापासून तिकडे सेलमला आपला साबुदाणा बनतो. ज्या बाईंच्या घरी राहिले त्यांनी युका उकडून मीठ लावून दिला, आणि मला तुझं आषाढीचं ताट दिसलं. शेंगदाणे, बटाटा, रताळं, मिरची, सगळं मूळचं याच खंडांतलं. राजगिराही अमेरिकेचाच, इथे त्याच्या भाईबंदाला किविचा म्हणतात. भगर तेवढी आपली. हजारो मैलांवरच्या बायाबापड्यांनी जपलेलं हे धान्य आणि कंद तू देवापुढे ठेवतेस. यंदा नैवेद्य दाखवताना त्यांच्या नावानेही हात जोड.

अण्णा, इथलं बेणं आणता येणार नाही, त्यातून रोग येतात म्हणून मनाई आहे. पण विहिरीकडच्या तुकड्यात यंदा दोन-तीन वेगळे वाण लावून बघाल का? नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. गुडघा दुखत असेल तर स्वतः जाऊ नका, दादाला पाठवा.

शनिवारी पुन्हा वर जाणार आहे. आजोबांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय, पाऊस लांबला तर तुम्ही कापलेलं बेणं किती दिवस ठेवता आणि कसं? फोनवर नीट सांगा, मी लिहून घेते.

तुमची लेक