अंबडच्या शेडमध्ये आलेल्या ताईंना, मनापासून

ताई, नमस्कार.

तुमचं नाव इथे टाकत नाहीये, कारण निघताना तुम्हीच बजावलंत की नाव कुठे लिहू नका, कॉलेजमध्ये उगाच चर्चा होते. बरं, नाही लिहीत. पण आभार तरी मानू द्या. फोनवर मानायला गेलो तर तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलला, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर मानतोय, इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. आमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत स्प्रिंगा बनवायचं छोटं युनिट आहे. हल्ली कस्टमरला नुसती स्प्रिंग देऊन भागत नाही, लॉटबरोबर लोडचा ग्राफ लागतो, इतके मिलिमीटर दाबली की इतका लोड आलाच पाहिजे. त्यासाठी प्रेसखाली लोड सेल, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, बसवलाय आणि त्याच्या वायरी कॉम्प्युटरच्या आत एक डेटा अ‍ॅक्विझिशनचं कार्ड आहे, म्हणजे सेन्सरचे व्होल्ट आकड्यांत बदलणारं, त्याला जातात. प्रेस खाली येईल तसा स्क्रीनवर ग्राफ वर चढतो. म्हणजे चढायला पाहिजे. आमचा चढायचा, पण पायऱ्या पायऱ्यांनी. बराच वेळ आकडा हलायचाच नाही आणि मग एकदम सात-आठ किलोंनी उडी. असा ग्राफ कस्टमरला पाठवला की तो फोन करून विचारणार, हे काय आहे, स्प्रिंग आहे का जिना?

आता ज्यांनी हे सगळं बसवून दिलं त्यांच्याबद्दल. नाव घेत नाही, पण मनातून जात नाही म्हणून लिहितो. साहेब गाडीतून यायचे, ऑफिसात एसी लावून बसायचे, व्हिजिटचे पैसे आधी. ग्राफ बघून म्हणाले लोड सेल गेलाय, नवीन घ्या. घेतला. पायऱ्या तशाच. मग म्हणाले तुमच्या शेडची लाईटच खराब आहे. मग म्हणाले कॉम्प्युटर फॉरमॅट करावा लागेल, घेऊन गेले, परत आणून ठेवला तर आता कार्डच दिसेना, विंडोजच्या जोडलेल्या वस्तूंच्या यादीत, म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये, नावालाही नाही. त्यावर उत्तर काय, तर कार्ड जळालं, नवीन घ्या. आणि त्याचा आकडा ऐकून मला तिथेच बसावं लागलं. बरं त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगला पासवर्ड घालून ठेवलेला, तो मागितला तर म्हणे "तुमची माणसं काहीतरी दाबून ठेवतील". मशीन आमचं, पैसे आमचे, आणि कुलपाची किल्ली यांच्या खिशात. नंतर नंतर तर फोन उचलणंच बंद.

अशा वेळी आमच्या वहिनींनी तुमचा नंबर दिला, की कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशनच्या, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांच्या लॅबला आहेत, बघतील. मला खरं सांगायचं तर आशा नव्हती. तुम्ही रविवारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, पंचवटीतून द्वारकेचा तो ट्रॅफिक ओलांडून अ‍ॅक्टिव्हावर आलात, डिकीत एक लहानशी टूलची पिशवी. आल्या आल्या पाणीसुद्धा नंतर म्हणालात.

कॉम्प्युटर बंद करून मेनची वायर काढली, कॅबिनेट उघडलं, आणि टॉर्च मारून आत बघून तुम्ही हसलात. कार्ड स्लॉटमध्ये होतं पण पुरतं नव्हतं. कार्डाच्या टोकाला जी पत्र्याची पट्टी असते तिचा स्क्रू कोणीतरी इतका आवळलेला की कार्डाची दुसरी बाजू स्लॉटमधून नखभर वर उचलली गेलेली. बाहेरून बघितलं तर बसलेलंच दिसतं. हे "जळालेलं" कार्ड.

आता मला जे लिहायचं होतं ते इथून पुढे.

आमच्याकडे प्रेसवर एक मुलगा आहे. दिंडोरीकडून येतो, दहावीनंतर शाळा सुटली. अडीचशे स्प्रिंगांच्या ढिगातून वाकडी स्प्रिंग हाताने ओळखतो, पण कॉम्प्युटरच्या टेबलापासून चार हात लांब उभा राहतो, कारण मागच्या साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलेलं, "ए, तू हात लावायचा नाही याला". त्या दिवशीही तो लांबच उभा होता. तुम्ही मान वर करून विचारलं, "दादा, रोज हे कोण चालवतं?" तो म्हणाला मी. तुम्ही म्हणालात, "मग तुम्ही इकडे या."

आणि स्वतःच्या मनगटावरचा तो अँटिस्टॅटिकचा पट्टा सोडवला. तो म्हणाला थांबा मॅडम, आणि पळत बाहेर नळावर गेला, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे करून आला. तोवर तुम्ही पट्टा हातात धरून तशाच थांबलेल्या. घाई नाही, घड्याळाकडे बघणं नाही. मग तो पट्टा त्याच्या मनगटाला बांधलात, त्याची क्लिप कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावलीत, आणि कार्ड त्याच्या हातात दिलंत. "कडेला धरा. सोनेरी पट्ट्यांना बोट नको. अंगावरच्या विजेचा झटका आपल्याला कळायला काही हजार व्होल्ट लागतात, या चिपा त्याच्या कितीतरी आधीच मरतात, म्हणून हा पट्टा. आता तुम्हीच बसवा, उद्या मी नसणारे इथे."

त्याने दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला, कार्ड खट् करून बसलं, मग पट्टी सरळ करून स्क्रू लावला, बेताने. मशीन चालू केल्यावर यादीत कार्डाचं नाव आलं तेव्हा पोरगं माझ्याकडे नाही, तुमच्याकडे बघत होतं. मी मालक असून मला त्याचं काही वाटलं नाही, उलट घशात काहीतरी अडकलं.

त्यानंतर जे केलंत ते सगळं त्याला खुर्चीत बसवून. पासवर्डच्या नादाला लागलाच नाहीत. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलायचं सॉफ्टवेअर, होताच, त्यावर पायथॉनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिलात आणि फाइल त्याच्याच पेनड्राइव्हवर दिलीत. पायऱ्यांचं कोडं तर डिस्पॅच चलनाच्या मागे हिशोब मांडून सोडवलंत. कार्ड १६ बिटचं, म्हणजे एकूण ६५,५३६ पायऱ्या. साहेबांनी रेंज, म्हणजे किती व्होल्टपर्यंत मोजायचं ते, ठेवलेली अधिक-उणे १० व्होल्ट, म्हणजे २० व्होल्ट त्या पायऱ्यांत वाटायचे, एक पायरी साधारण ०.३ मिलिव्होल्टची. आणि आमचा ५०० किलोचा लोड सेल, २ मिलिव्होल्ट पर व्होल्टवाला, म्हणजे सप्लायच्या दर व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट देणारा, १० व्होल्ट सप्लायवर पूर्ण लोडला देतो किती, तर फक्त २० मिलिव्होल्ट. म्हणजे ६५,५३६ पैकी आमच्या वाट्याला जेमतेम ६५ पायऱ्या, आणि एकेक पायरी साडेसात किलोची! कांद्याच्या गोणीच्या काट्यावर सोनं तोलल्यासारखं चाललेलं सगळं. त्याच कार्डात अधिक-उणे ०.२ व्होल्टची रेंज होती, पहिल्या दिवसापासून होती. ती लावली तर पायरी दीडशे ग्रॅमची झाली. पोरगं म्हणालं, "म्हणजे जुना लोड सेल चांगलाच होता?" तुम्ही काहीच बोलला नाहीत. जुना लोड सेल कपाटात आहे, ज्यांना पाहिजे त्यांनी येऊन बघावा.

पायऱ्या गेल्या तर आता आकडा हळूहळू झुलायला लागला, दहा-दहा सेकंदांचा झोका. मला वाटलं झालं, आता हे खराब. तुम्ही सॅम्पलिंग, म्हणजे कार्ड सेकंदाला किती वेळा मोजतं ते, बघितलं, सेकंदाला ५० ठेवलेलं. आपली लाईटही ५० हर्ट्झची, ती कधी ४९.९ असते, म्हणजे दर वेळी लाटेच्या जवळपास त्याच जागी फोटो निघतोय, आणि जोरात हलणारी गोष्ट सावकाश हलल्यासारखी दिसते. सेकंदाला १००० केले तर खरी गुणगुण उघडी पडली. मग वायरीचा माग काढलात, शील्ड, म्हणजे केबलवरची धातूची जाळी, दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडलेली आणि केबल प्रेसच्या ड्राइव्हला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्याला, अगदी खेटून. एका टोकाची शील्ड सोडवली, केबल लांबून फिरवली, आणि २० सॅम्पलची सरासरी लावली, की बरोबर लाईटची एक लाट त्यात मावते. झोका गायब. स्प्रिंग दाबली आणि रेघ अशी सुतात वर गेली की पोराने परत दाबली, परत दाबली, उगाचच.

मध्येच त्याने विचारलं, "विंडोज अडकतं कधीकधी, तेव्हा ग्राफ चुकेल का?" हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि साहेबांनी तो हसण्यावारी नेला असता. तुम्ही नीट उत्तर दिलं, की विंडोज हे वेळेला पक्कं नाहीच, पण सॅम्पल कधी घ्यायचं ते कार्ड स्वतःच्या घड्याळावर ठरवतं, विंडोज फक्त नंतर येऊन उचलून नेतं. फारच उशीर केला तर बफर, म्हणजे आकड्यांची तात्पुरती जागा, भरतो आणि प्रोग्राम एरर देऊन थांबतो, पण खोटा ग्राफ काढत नाही. आणि मग म्हणालात, "चांगला प्रश्न आहे हं." ताई, त्या एका वाक्यावर ते पोरगं तो सगळा आठवडा उड्या मारत होतं.

मला कळतं की रेंज चुकणं, शील्ड चुकणं, कोणाच्याही हातून होतं. त्याचा राग नाहीये. राग आहे तो न बघता "नवीन घ्या" म्हणण्याचा. आपल्या नाशकात एवढ्या कंपन्या, सातपूर-अंबड-सिन्नर भरलेलं आहे, पण आमच्यासारख्या दहा-बारा माणसांच्या युनिटला मोजमापाचं काही अडलं की पुण्या-मुंबईकडे तोंड करून बसावं लागतं, आणि तिथून येणाऱ्याला माहीत असतं की यांना दुसरं कोणी नाही. म्हणून येताना ज्ञान घेऊन येतात आणि जाताना परत घेऊन जातात, एक थेंब सांडू देत नाहीत. त्यांचं पोट त्यावर आहे, मान्य. पण पोट तुमचंही आहे की, आणि तुम्ही तर सगळंच इथे ठेवून गेलात, कार्डाच्या चॅनेलच्या, म्हणजे सेन्सर जोडायच्या जागांच्या, वायरींना मास्किंग टेप लावून त्यावर मराठीत नावंसुद्धा लिहून. अशी माणसं असतात, फक्त ती जाहिरात करत नाहीत आणि त्यांचं व्हिजिटिंग कार्ड चकचकीत नसतं. भद्रकालीत माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा तेही गिऱ्हाइकाला सेट उघडून दाखवायचे, काय गेलं होतं ते. आई ओरडायची की असं सगळं दाखवलंत तर परत कोण येईल. यायचे लोक, उलट जास्तच यायचे.

पैशांचं तुम्ही ऐकलंच नाही. पाकीट पुढे केलं तर म्हणालात त्या दादांना पायथॉनचं पुस्तक घेऊन द्या. घेतलंय, मराठीतलं मिळालं नाही, इंग्रजीतलंच घेतलं, तो डबा खाताना एकेक ओळ मला विचारतो आणि मलाही येत नाही, मग आम्ही दोघं मोबाईलवर शोधतो. द्राक्षांची एक पेटी वहिनींकडे ठेवलीये, ती मात्र नाकारू नका, पिंपळगावच्या मेहुण्याच्या बागेतली आहे, विकत घेतलेली नाही.

आणि एक काम आहे. दुसऱ्या प्रेसला एलव्हीडीटी, म्हणजे सरकलेलं अंतर मोजणारा सेन्सर, लावायचाय, म्हणजे दाबलेले मिलिमीटरही कॉम्प्युटरमध्येच येतील. कार्डाला चॅनेल शिल्लक आहेत असं पोरगंच म्हणतंय, वायरिंगचं चित्रही त्यानेच काढलंय, आणि रिकामे चॅनेल ग्राउंडला शॉर्ट केलेत हे मॅडमना आवर्जून सांगा म्हणालाय. चित्र तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय, सवडीने बघा, चुकलं असेल तिथे लाल खूण करा. या वेळी मात्र रीतसर बिल लावायचं. नाहीतर मी चित्र परत मागवून घेईन, सांगून ठेवतो.

तुमचा,
अंबडचा स्प्रिंगवाला