सभासदांची यादी दरवर्षी नव्याने कशाला टाइप करायची?

महोदय,

सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्टअखेरीपासून छापखान्यांत अहवाल आणि नोटिसांची एकच झुंबड उडते. आमच्या पतसंस्थेत सभासदांची यादी संगणकावर असूनही ती कागदावर काढून डीटीपीवाल्याकडे जाई आणि तिथे पहिल्यापासून टाइप होई. त्याच्याकडच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असल्याने युनिकोडमधला, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक सांकेतिक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतला, मजकूर तिथे चालतच नसे. या खटाटोपात एका वर्षी सगळे ‘कऱ्हाडकर’ ‘कर्हाडकर’ होऊन बसले. दोष त्या बिचाऱ्याचा नव्हता. रात्री अकरा वाजता शेकडो नावे टाइप करणाऱ्याच्या हातून आणखी काय होणार?

गेल्या वर्षी मी हे काम संगणकावर सोपवून पाहिले. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये आणलेली ‘टेक्’ ही अक्षरजुळणीची प्रणाली मोफत मिळते आणि तिच्यावरूनच तयार झालेली ‘झीटेक्’ युनिकोड देवनागरी व्यवस्थित जुळवते. नोटिशीचा साचा एकदाच तयार करायचा, नाव, पत्ता आणि सभासद क्रमांकाच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि पायथन या संगणकभाषेतल्या चाळीसेक ओळींच्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या आज्ञावलीने, यादीतली एकेक ओळ त्यांत भरत जायची. सगळ्या नोटिसांची पीडीएफ चहा गार होण्याआधी हाती आली.

पहिलीच नोटीस मात्र ‘श्री. सभासदाचे नाव’ यांना निघाली, कारण यादीतली मथळ्याची ओळ वगळायला मी विसरलो होतो. त्याहून चिवट अडचण अकारविल्हे यादीची होती. संगणक अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांनुसार नावे लावतो. त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो आणि ‘क्षीरसागर’ थेट ‘क’मध्ये जाऊन बसतात, तर आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ अगदी शेवटी. जुने सभासद आपले नाव शेवटच्या पानावर शोधणार हे उघड असल्याने मराठी क्रम स्क्रिप्टला वेगळा सांगावा लागला. असले बारकावे एकदा निस्तरले की पुढच्या वर्षी नवे सभासद तेवढे यादीत घालायचे.

यात छापखान्याचे काम जात नाही. कागद, समास, बांधणी यांची जाण त्यांचीच, आणि अहवालाचे मुखपृष्ठ स्क्रिप्टवर सोडण्याचे धाडस मीही करणार नाही. पण छपाईचे दरपत्रक मागवताना, मजकूर युनिकोडमध्ये स्वीकारावा आणि दुरुस्त केलेली फाइलही युनिकोडमध्येच परत द्यावी, एवढी अट संस्थांनी घालावी. आमच्या संस्थेने ती यंदाच्या दरपत्रकात घातली आहे.

— एक सभासद, सांगली